कयाकवरून मरळ: हेवी कास्टिंग रॉड घ्यायचा का, आणि घेतला तर किती हेवी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांच्या गावात रेंज येते-जाते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. फक्त आकडे जरा नीट मांडलेत, कारण आकडे कानाने ऐकून कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

नवीन लोकांसाठी एका वाक्यात ओळख: मी जालन्याचा, बीटेक केलं, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टी मिळाली की गळ टाकतो.

आजचा विषय तुमच्यामुळेच आला. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "भाऊ, कयाक घेतली. रॉड मीडियम आहे. मरळ लागते, पण गवतात घुसते आणि सुटते. हेवी कास्टिंग रॉड घेऊ का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, घ्या. पण मासा मोठा आहे म्हणून नाही. मासा लागल्यावर कुठे घुसणार आहे, ते बघून घ्या. आणि किती हेवी, हे रॉडच्या जाहिरातीवरून ठरवू नका. तुम्ही कयाकमध्ये कसे बसता, त्यावरून ठरवा. हे असं का, ते आता सांगतो.

व्हिडिओतला बास आणि आपली मरळ

कयाक आणि कास्टिंग रॉड असं युट्यूबवर शोधलं की दहापैकी नऊ व्हिडिओ बास माशाचे निघतात. लार्जमाउथ बास हा मूळ उत्तर अमेरिकेतला मासा. १९३२ साली जॉर्जियात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा बास, म्हणजे साधारण १० किलोंचा, आजही विक्रम म्हणून सांगतात. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. पण त्याच जपानमध्ये या परदेशी माशाने तिथल्या मूळ माशांना त्रास दिला, म्हणून आज तो तिकडे नको असलेला पाहुणा आहे. त्यामुळे "आपल्या तलावात बास सोडूया का" असं कुणाच्या डोक्यात आलं असेल, तर ते तिथेच सोडा.

आपल्याला गरजही नाही. ज्या जागी तिकडे बास बसतो, त्या जागी आपल्याकडे मरळ बसते. दुधना, पूर्णा, खेळणा, गिरिजा, कुंडलिका, आणि जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी. सोमठाण्याचा ऊर्ध्व दुधना, परतूरच्या अंगाला निम्न दुधनाचं बॅकवॉटर, शिवाय गावोगावचे पाझर तलाव. सगळीकडे काठाचं चित्र सारखंच असतं: पाणकणीस, बेशरमाची झुडपं, कमळाची पानं, आणि पाणी उतरलं की वर येणारी बुडालेल्या बाभळींची खोडं.

मरळ हा आपल्या दुष्काळी भागाला साजेसा मासा आहे. ती कल्ल्यांशिवाय वरची हवासुद्धा घेते. म्हणून कमी ऑक्सिजनच्या गढूळ पाण्यात टिकते, आणि पाणी आटलं तर ओल्या चिखलातही काही काळ जगते. हवा घ्यायला वर येते तेव्हा जो बुडबुडा फुटतो, त्यावरूनच आपण तिची जागा ओळखतो.

आता रॉडच्या कामाचं. मरळीचं तोंड हाडाचं असतं, दात असतात, आणि गळ लागला की ती सरळ पळत नाही. अंगाला पीळ देऊन गवतात गुंडाळते. म्हणजे पहिल्या दोन-तीन सेकंदांत दोन कामं व्हायला हवीत. गळ हाडापर्यंत जायला हवा, आणि तिचं तोंड गवताबाहेर वळायला हवं. रॉड निवडायचा तो या दोन-तीन सेकंदांसाठी.

"हेवी" म्हणजे नेमकं काय?

रॉडच्या बुडाजवळ बारीक अक्षरांत तीन-चार गोष्टी छापलेल्या असतात. त्या वाचायची सवय लावा.

पहिली गोष्ट पॉवर: लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी, एक्स्ट्रा हेवी. रॉड वाकवायला किती जोर लागतो, ते यावरून कळतं. दुसरी ॲक्शन: फास्ट, मॉडरेट, स्लो. रॉड कुठून वाकतो, ते यावरून कळतं. फास्ट फक्त शेंड्याकडे वाकतो, स्लो थेट मुठीपर्यंत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या सर्रास एक करतात. रॉड हेवी असूनही मॉडरेट असू शकतो.

तिसरी गोष्ट आमिषाचं वजन. मीडियम हेवीवर बहुतेक वेळा ७ ते २८ ग्रॅम असं काहीतरी असतं, हेवीवर १० ते ४२ ग्रॅमच्या आसपास. चौथी गोष्ट दोऱ्याची ताकद, पौंडात. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम.

पण लक्षात घ्या, या नावांचं कुठलंही एक ठरलेलं मोजमाप नाही. एका कंपनीचा हेवी दुसऱ्या कंपनीचा मीडियम हेवी असू शकतो. शर्टाच्या साइझसारखं आहे हे. एका दुकानात एल बसतो, दुसऱ्या दुकानात एक्सएल लागतो. म्हणून नावापेक्षा ग्रॅम बघा.

आपण मरळीसाठी जो रबरी पोकळ फ्रॉग वापरतो, तो साधारण १२ ते १८ ग्रॅमचा असतो. तुमच्या रॉडवर २८ ते ८५ ग्रॅम लिहिलं असेल, तर १५ ग्रॅमचा फ्रॉग त्या रॉडला वाकवूच शकणार नाही. रॉड वाकला नाही की फेक लांब जात नाही, हवी तिथे पडत नाही, आणि कास्टिंग रिळात दोऱ्याचा गुंता होतो तो वेगळाच. एवढं एक कारणसुद्धा "सगळ्यात हेवी आणा" या सल्ल्याला नाही म्हणायला पुरेसं आहे.

कयाकमध्ये काय बदलतं?

काठावर उभं राहून हिसका मारताना पाय, कंबर, खांदे सगळं कामाला येतं. लागलं तर दोन पावलं मागेही जाता येतं. कयाकमध्ये पाय समोर पसरलेले, बूड पाण्याच्या पातळीला. फिरायला फक्त कंबर आणि हात. शिवाय खालची होडी मोकळी तरंगत असते. तुम्ही मागे हिसका मारला की कयाक पुढे सरकते. म्हणजे तुमच्या हिसक्यातला काही भाग होडी सरकवण्यातच जातो.

आणखी एक गळती असते दोऱ्यात. आपण ज्याला तंगूस म्हणतो, तो नायलॉनचा एकेरी दोरा ताणला की लांबतो. वीस-पंचवीस मीटर दोरा बाहेर असेल तर हा लांबवा चांगलाच जाणवतो.

तिसरी गळती रॉडच्या शेंड्यात. रॉड मऊ असेल तर तुमची हालचाल तो वाकण्यातच संपवतो.

आता बेरीज करा. हिसका मुळात छोटा, त्यातला काही होडीने खाल्ला, काही दोऱ्याने, काही रॉडने. गळापर्यंत पोचलं काय? म्हणून मरळ "लागते आणि सुटते". बऱ्याच वेळा ती लागलेलीच नसते. तिने फ्रॉग फक्त दातांत धरलेला असतो.

इथे कडक रॉड उपयोगी पडतो. तो तुम्हाला जादा ताकद देत नाही. तुमची छोटी हालचाल वाया न घालवता दोऱ्यापर्यंत पोचवतो. हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं गणित त्यावरच उभं आहे.

आणि यातूनच एक पैसे वाचवणारा सल्ला निघतो. रॉडच्या आधी दोरा बदला. तंगूस काढून विणलेला ब्रेडेड दोरा भरा. तो जवळजवळ लांबत नाही. ४० ते ५० पौंडांचा मरळीला पुरतो. मीडियम हेवी रॉडवर आधी हे करून बघा. कित्येकांचा प्रश्न तिथेच सुटेल आणि नवीन रॉडचा खर्च वाचेल. फक्त रॉडवर छापलेली दोऱ्याची मर्यादा बघून घ्या.

थोडं गणित, घाबरू नका

"मग एक्स्ट्रा हेवी का नको? कडकच हवा तर सगळ्यात कडक घेऊ!" हा पुढचा प्रश्न येतोच.

रॉड म्हणजे तरफ. शाळेत विज्ञानात होती, तीच. टेकू म्हणजे रिळापाशी धरलेला हात. एका बाजूला शेंडा, वाकलेला धरला तरी साधारण दीड मीटर लांब. दुसऱ्या बाजूला कोपराखाली दाबलेलं बूड, साधारण ३० सेंटिमीटरवर. म्हणजे पाचास एक. रॉड माशाला काटकोनात धरला आणि मासा ३ किलोने ओढतोय, तर कोपराखाली तुम्हाला १५ किलोंचा दाब द्यावा लागतो. ४ किलोने ओढला तर २०. बसून, एका हाताने, हलत्या होडीत.

रिळाच्या डब्यावर "१० किलो ड्रॅग" लिहिलेलं असतं. म्हणजे कोपराखाली ५० किलो. करून दाखवा!

म्हणजे मर्यादा रॉडची नाही, आपली आहे. मीडियम हेवीवरून हेवीवर गेलात तर हिसक्यात फरक पडतो. पण हेवीवरून एक्स्ट्रा हेवीवर गेलात तर हात तोच राहतो, बैठक तीच राहते, आणि फेक मात्र बिघडते. माझं मत विचाराल तर आपल्या १५ ग्रॅमच्या फ्रॉगसाठी, बसून मारायच्या हिसक्यासाठी हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन, आणि छापील पल्ला १० ते ४२ ग्रॅमच्या जवळपास. त्यापुढे जायचं कारण नाही.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. बॅग मोजायचा हुकवाला काटा मिळतो, त्याला दोरा बांधा, रॉड वाकवून ओढा आणि ३ ते ४ किलोंवर रिळ दोरा सोडेल असा ठेवा. घरी खुर्चीत बसून, पाय लांब करून हे करा. तुम्ही खरंच किती ओढू शकता ते पाच मिनिटांत कळेल, आणि मित्रांसमोर फुशारकी मारायची सवयही जाईल.

लांबी, मूठ, आणि रॉड का मोडतो

कयाकवर साडेसात-आठ फुटी रॉड कामाला येत नाही. मासा जवळ आला की दोरा रॉडएवढाच बाहेर उरतो. रॉड फार लांब असेल तर बसल्या जागेवरून मासा हाताला लागत नाही. पण फार तोकडाही नको. मासा होडीच्या नाकाखालून दुसऱ्या बाजूला गेला, तर रॉडचा शेंडा नाकापलीकडून फिरवता आला पाहिजे. दहा फुटी कयाकमध्ये आसनापासून नाक पाच-सहा फुटांवर असतं. म्हणून ६ फूट १० इंच ते ७ फूट ३ इंच ही आपली हद्द.

मूठ बघताना लाइफ जॅकेट घालून बघा. रिळामागची मूठ फार लांब असेल तर प्रत्येक फेकीला ती जॅकेटला किंवा आसनाच्या पाठीला आपटते. दुकानात उभं राहून हे कळत नाही. खुर्ची मागा आणि बसून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

कार्बन की ग्लास? निव्वळ कार्बनचा रॉड हलका आणि तल्लख, पण ठोकर लागली की बारीक तडा जातो आणि पुढे कधीतरी तिथूनच मोडतो. ज्याला रॉड मोटरसायकलवरून किंवा एसटीच्या टपावरून न्यायचाय, त्याने कार्बन-ग्लास मिश्रणाचा बघावा. थोडा जड असतो, पण दणका सहन करतो. दोन तुकड्यांचा मिळाला तर उत्तमच.

रॉड सगळ्यात जास्त मोडतात ते शेवटच्या टप्प्यात. मासा होडीला लागलाय, आपण बसलेलो, आणि जवळ ओढायला रॉड डोक्यावरून मागे उभा केला. सगळा ताण बारीक शेंड्यावर येतो. कट! हेवी रॉडसुद्धा असा मोडतो. उपाय साधा आहे: हाताने धरायचं जाळं ठेवा, रॉड आडव्याच्या जरा वर ठेवा, आणि थोडा दोरा सैल सोडून मासा जाळ्यावर आणा.

जाड दोऱ्याची जबाबदारी

आता जरा गंभीर बोलतो, कारण रॉडचे एपिसोड सगळे करतात, हे कुणी सांगत नाही.

आपल्या धरणांत आणि तलावांत मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. ते लोक बीज सोडतात, रात्री जाळी लावतात, पहाटे ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून काढतात. जाळ्याची खूण म्हणून कुठे थर्माकोलचा तुकडा, कुठे रिकामी बाटली तरंगत असते. मीडियम रॉड आणि तंगूस असताना तुमचा गळ जाळ्यात अडकला तर दोरा तुटायचा. हेवी रॉड आणि ५० पौंडांचा दोरा असेल तर तुटेल ते जाळं. ५० पौंड म्हणजे जवळपास २३ किलो. तुमची हौस आणि समोरच्याचं त्या आठवड्याचं घर, असा तो हिशोब आहे.

म्हणून आधी संस्थेच्या लोकांना भेटा. परवानगी आणि पावतीचं विचारा. "काका, जाळी कुठे लावलीय?" एवढं विचारलं तरी ते हाताने दाखवतात, वर मरळ कुठे बसते तेही सांगतात. बाटल्यांच्या रांगेपासून लांब राहा. अडकलंच तर ओढू नका. कयाकचा खरा फायदा हाच आहे की अडकलेल्या जागी वल्हवत जाऊन हाताने गळ सोडवता येतो. खोडात अडकला तरी हेच. हाताला दोरा गुंडाळून ओढायचं तर कधीच नाही, ब्रेडेड दोरा बोट कापतो.

दुसरी गोष्ट. खोडाशी तुटलेला जाड दोरा वर्षानुवर्षं कुजत नाही. टोकाला जिवंत मरळ असेल तर ती तिथेच अडकून मरते. पाणपक्षी अडकतात. हेवी रॉड घ्यायचं सगळ्यात चांगलं कारण मला हेच वाटतं: मासा गवतात बांधला जाऊन मरू नये. तो एकतर हातात यावा, नाहीतर नीट सुटावा.

तिसरी. पावसाच्या सुमाराला पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा दिसतो. खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे फ्रॉग टाकला तर ती पिल्लांना वाचवायला हमखास हल्ला करते. सोपा मासा आहे, म्हणूनच सोडायचा. तो काढला तर अख्खा गोळा इतर मासे आणि पक्षी खाऊन टाकतात.

आणि जायकवाडीला कयाक न्यायचं म्हणणाऱ्यांसाठी: नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे आपल्या मनाने होडी घालता येत नाही.

कुठे हेवी नको

रोहू, कटला, मृगळ यांना कणकेच्या गोळीवर पकडत असाल तर हेवी रॉड घरीच ठेवा. त्यांचे ओठ मऊ असतात, कडक हिसक्याने गळ फाडून निघतो. चिलापीला तर लाइट रॉडच मजा देतो. आणि मोकळ्या पाण्यात, जिथे घुसायला गवत-खोड काही नाही, तिथे कयाकच ब्रेकचं काम करते. मासा ओढतो, होडी त्याच्यामागे सरकते, दोऱ्यावरचा ताण आपोआप कमी राहतो. तिथे मीडियम रॉड पुरतो. गवतात मात्र हेच सरकणं उलट पडतं, कारण तुम्ही माशाला बाहेर काढण्याऐवजी मासाच तुम्हाला आत नेतो. म्हणून म्हणालो, माशाचं वजन नका बघू, जागा बघा.

जीव आधी

जोर लावायचा तो कयाकच्या नाकाच्या दिशेने. मासा बरोबर बाजूला असताना हिसका मारला की तोच ताण होडी कलंडवायला लागतो. आधी वल्ह्याचा एक फटका मारून नाक तिकडे वळवा, मग फेका. लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे बांधलेलं. डिकीत ठेवलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही. पोहता येतं हा मुद्दाच नाही, गवतात पाय गुंतला की पट्टीचा पोहणाराही दमतो.

आणि कार्बनमधून वीज वाहते. सात फुटी रॉड उभा धरून बांधावरून चालताना, मोटरसायकलवर मागे बसताना, वर लोंबणाऱ्या तारा बघा. शेतातल्या तारा किती खाली आलेल्या असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. रॉड तुकडे करून, आडवा न्या. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा जीव घेतात. उघड्या पाण्यात हातात कार्बनची काठी घेऊन बसलेला माणूस म्हणजे आमंत्रणच. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनमध्ये टाका, निघण्याआधी बघा. गडगडाट ऐकू आला की मासा लागलेला असला तरी काठ गाठा.

तर मंडळी, खरेदीला जाताना एवढं लक्षात ठेवा. आधी दोरा बदलून बघा. नाहीच भागलं तर हेवी, फास्ट, सात फुटांच्या आसपास, १५ ग्रॅमचा फ्रॉग छापील पल्ल्यात नीट बसेल असा, जमल्यास दोन तुकड्यांचा. ड्रॅग काट्यावर लावा. रॉडला पैसे कमी पडत असतील तर रॉड पुढच्या महिन्यात घ्या, जॅकेट याच महिन्यात.

पुढच्या भागात कास्टिंग रिळाचा गुंता का होतो आणि अंगठ्याने तो कसा थांबवायचा, ते बघू. तुमच्या तलावात मरळ कुठे बसते ते कमेंटमध्ये लिहू नका, गर्दी होईल. रॉडचे प्रश्न मात्र नक्की लिहा. भेटूया, काळजी घ्या.